फवारणीचें यंत्र व त्याची गाळणी

तिफणीचा एक नळा मातीनें बुजला, तर त्याची साक्ष आठ दिवसांत शेतच देतें. उगवण झाली कीं तेवढें तास मोकळें दिसतें, शेजारीपाजारी थट्टा करितात, आणि पुढच्या पेरणीस तिफण जुंपण्यापूर्वीं नळे फुंकून पाहण्याची आठवण घरांतील पोरासोरांसही राहते. फवारणीच्या यंत्राचें तसें नाहीं. त्याची तोटी, म्हणजे ज्यास आपण नोजल म्हणतों, ती अर्धी तुंबली तर त्या दिवशीं शेतांत कांहींच दिसत नाहीं. औषध संपतें, पाणी संपतें, मजुरी दिली जाते, वहींत फवारणीची नोंद होते. पुढें कांहीं दिवसांनीं त्याच पट्ट्यांत रोग दिसूं लागला, म्हणजे दोष औषधास, दुकानदारास किंवा हवामानास दिला जातो. यंत्राकडे मात्र कोणी पाहत नाहीं.

या यंत्रांत किंमतीनें अगदीं हलका, पण साऱ्या फवारणीचा भरंवसा ज्यावर आहे असा एक भाग म्हणजे गाळणी. बाजारांत तिला फिल्टर म्हणतात. गडीमाणसें नुसतें जाळी म्हणतात. पंपाचा जोर, टाकीचें माप, नव्या औषधाचें नांव यांविषयीं आपल्यांत जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेंही या जाळीविषयीं होत नाहीं. उलट, ती वारंवार तुंबते म्हणून काढून बांधावर ठेवून देण्याची चाल बऱ्याच ठिकाणीं पडली आहे. ही चाल सर्वथा घातक आहे, आणि तिचा दोष मजुरापेक्षां यंत्राच्या मालकाकडे अधिक जातो, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, आणि गाळणी बसविण्याची व राखण्याची योग्य रीत कोणती, हें आजच्या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

गाळणीची गरज कांहीं नव्या यंत्रांनीं उत्पन्न केलेली नाहीं. फ्रान्सांतील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं १८८५ सालीं द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा गुण जाहीर केला, तेव्हांपासूनच ती आहे. हें मिश्रण साखरेच्या पाण्यासारखें निवळ नसतें. त्यांत निळसर कण तरंगत असतात, आणि चुना नीट विरला नसेल तर बारीक खडेही असतात. शेंकडा एक प्रमाणाचें मिश्रण करावयाचें तर एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यांत, असे दोन्ही वेगवेगळे कालवून, फडक्यांतून गाळून, मग एकत्र करावयाचे असतात. हा पाठ आपल्याकडील द्राक्षबागाईतदारांस, तसाच कोंकण व गोमंतक येथील पोफळीच्या बागाईतदारांस चांगला ठाऊक आहे. कोळेरोगासाठीं पोफळीच्या उंच शेंड्यावर फवारा मारणाऱ्या माणसास तेथें वर बसून तुंबलेलें नोजल साफ करण्याची सोय नसते. म्हणून द्रावण खालींच नीट गाळून घेतलें पाहिजे, हें त्या धंद्यांत कोणास वेगळें सांगावें लागत नाहीं. जमिनीवर उभें राहून फवारणी करणाऱ्या आम्हां इतरांस मात्र ही शिस्त लागलेली नाहीं. पुढें औषधें कितीतरी बदललीं. तथापि पाण्यांत न विरघळतां तरंगत राहणाऱ्या भुकट्या अजून प्रचारांत आहेतच. पाण्यांत मिसळणारें गंधक व कॉपर ऑक्सिक्लोराइड हीं त्यांचीं नेहमींचीं उदाहरणें होत.

आतां यंत्राच्या आंत कचरा येतो कोठून, हें पाहूं. पहिली वाट पाण्याची. विहिरीच्या पाण्यांत वाळूचे कण असतात, उघड्या हौदांत व शेततळ्यांत शेवाळ, पानें आणि बारीक किडे असतात, ओढ्याच्या पाण्यांत तर सर्वच असतें. दुसरी वाट औषधाची. कोरडी भुकटी एकदम टाकींत ओतली कीं तिच्या गुठळ्या होतात, आणि त्या बाहेरून भिजल्या तरी आंत कोरड्याच राहतात. तिसरी वाट खुद्द यंत्राची. मागील फवारणीचा वाळलेला थर टाकीच्या तळाशीं व नळ्यांच्या आंत असतो. नवें द्रावण आलें कीं त्याचे पापुद्रे सुटतात. जुन्या रबरी नळीचे तुकडे आणि वायसरच्या चिंध्याही त्यांतच येतात. चौथी वाट हाताची. टाकीचें झांकण उलटें करून मातींत ठेवणें, जमिनीवर पडलेली बादली तशीच बुडविणें, काडीनें द्रावण ढवळणें, या लहान गोष्टींनीं जितका कचरा आंत जातो तितका विहिरीच्या पाण्यानेंही जात नसेल. ह्या चार वाटा ज्यानें लक्षांत घेतल्या, त्यास गाळणी एकच असून भागत नाहीं हें सहज पटेल.

जाळीची बारकाई मेश या मापानें सांगतात. एका इंच लांबींत जितकीं छिद्रें, तितक्या मेशची ती जाळी. म्हणजे आंकडा वाढेल तसें छिद्र लहान होतें. ३० मेशच्या जाळीचें छिद्र सुमारें ०.६ मिलिमीटर, ५० मेशचें सुमारें ०.३ मिलिमीटर, ८० मेशचें ०.१८ मिलिमीटर व १०० मेशचें ०.१५ मिलिमीटर असतें. धान्य स्वच्छ करतांना आपण आधीं मोठ्या भोकांची चाळण घेतों व मग बारीक; पहिल्याच घावास बारीक चाळण घेतली तर ती काडीकचऱ्यानें भरून जाते. फवारणीच्या यंत्रांतही हाच न्याय आहे. टाकीच्या तोंडाशीं टोपलीसारखी मोठ्या भोकांची जाळी, साधारण १६ ते २० मेशची. टाकींतून पंपाकडे जाणाऱ्या ओढनळीवर ३० ते ५० मेशची. पंपाच्या पुढें, दाबाच्या नळीवर, ५० ते ८० मेशची. आणि सरतेशेवटीं प्रत्येक नोजलाच्या पाठीशीं ५० किंवा १०० मेशची लहान जाळी, अशी ही उतरंड असते. पुढची जाळी मागच्या जाळीपेक्षां जाड नसावी, आणि शेवटच्या जाळीचें छिद्र नोजलाच्या छिद्रापेक्षां निश्चित लहान असावें, एवढा एक नियम ध्यानांत ठेविला तरी पुरे.

पाठीवरच्या पंपास एवढ्या सगळ्या पायऱ्या नसतात. त्यांत तोंडाशीं टोपली, दांड्याच्या मुठींत एक लहान गाळणी व नोजलाची जाळी एवढेंच असतें; म्हणून या तिहींपैकीं एकही नाहींशी झाली तर तिची जागा घेणारें दुसरें कांहीं उरत नाहीं. इंजिनावर चालणारा एचटीपी पंप व ट्रॅक्टरवरील ब्लोअर यांस मात्र ओढनळीवर आणि दाबनळीवर अशा दोन्ही ठिकाणीं गाळणी हवी.

जाळी जितकी बारीक तितकी चांगली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भुकटीचें औषध १०० मेशच्या जाळींतून काढूं पाहिलें तर औषधाचेंच कण जाळीवर बसतात. पीक उपाशी राहतें आणि जाळी औषध खाते. अशा औषधास ५० मेशची जाळी योग्य. उलट, ज्यांचें छिद्र फार लहान, अशा नारिंगी किंवा हिरव्या रंगाच्या नोजलांस, निवळ द्रावण वापरतांना, १०० मेशची जाळी लावावी. हा रंग जागतिक मानकाप्रमाणें नोजलाचें माप दाखवितो; पिवळें नोजल त्याहून मोठें, निळें त्याहूनही मोठें, याप्रमाणें तो क्रम आहे. परंतु आपल्या बाजारांतील प्रत्येक रंगीत नोजल या मानकास धरून असेलच असें नाहीं. सबब रंगावर न विसंबतां माप विचारून घ्यावें, हें बरें.

गाळणी बसविण्यांत कांहीं बारकावे आहेत. तिच्या अंगावर बाणाची खूण असते. द्रावण त्या दिशेनेंच वाहिलें पाहिजे. उलटी बसविलेली गाळणी कचरा जाळीच्या भलत्या अंगास सांठविते आणि उघडतांना तो सगळा पुढच्या नळींत लोटून देते. गाळणीची वाटी खालीं व उभी असावी, म्हणजे जड गाळ जाळीवर न चिकटतां वाटीच्या तळाशीं बसतो. टाकी व ओढनळीवरील गाळणी यांच्यामध्यें एक कॉक अवश्य असावा. तो नसेल तर भरल्या टाकीच्या वेळीं गाळणी उघडतांच सगळें औषध जमिनीवर येतें. आणि याच भीतीनें दिवसभर गाळणी उघडलीच जात नाहीं. चार पैशांच्या कॉकापायीं सारी व्यवस्था निरुपयोगी होते, ती अशी.

ओढनळीच्या बाजूचा सर्वांत मोठा शत्रु हवा. तेथें पंप द्रावण ओढीत असतो, त्यामुळें वायसर झिजलेला असला किंवा वाटी सैल बसली तर द्रावण बाहेर गळत नाहीं. उलट हवा आंत शिरते. मग दाब खालींवर होतो, टाकींत फेंस चढतो, फवारा धक्क्याधक्क्यानें निघतो, आणि पंपच बिघडला असें समजून त्यास दुरुस्तीस नेलें जातें. म्हणून या बाजूची गाळणी पंपाच्या मानानें ऐसपैस असावी, फार बारीक नसावी, व तिचा वायसर दर हंगामास बदलावा. दाबाच्या बाजूस नेमकें उलट. तेथें तेवढा दाब सोसणारी वाटीच पाहिजे. ओढनळीसाठीं केलेली पातळ प्लास्टिकची वाटी तेथें बसविणें म्हणजे अपघातास आमंत्रण देणें होय. तसेंच, दाब वाढल्यास द्रावण टाकींत परत नेणारी जी नळी असते, तिची फांदी गाळणीच्या आधींच फुटलेली असावी. नाहीं तर गाळणी तुंबल्यावर पंपास दाब सोडण्यास वाटच राहत नाहीं.

एचटीपी पंपासंबंधीं आणखी एक गोष्ट. त्याच्या ओढनळीचें जाळीदार तोंड पिंपांत सोडून देतात आणि तें तळाशीं जाऊन बसतें. पिंपांतील सगळा गाळ तेथेंच असतो! तें तोंड तळापासून वीतभर वर टांगून ठेवावें. यास एका दोरीपलीकडे खर्च नाहीं.

गाळणी तुंबली हें ओळखावें कसें? ओढनळीवरील गाळणी तुंबली तर दाबाचा कांटा पडतो, पंपाचा आवाज बदलून खडखडाट होतो, आणि मऊ नळी असेल तर ती चपटी झालेली दिसते. दाबाच्या बाजूची गाळणी तुंबली तर पंपाजवळचा कांटा ठीक असतो, पण फवारा दुबळा होतो. ज्यांच्याकडे मोठीं यंत्रें आहेत त्यांनीं गाळणीच्या पुढें दुसरा कांटा बसवावा. दोन कांट्यांमधील अंतर वाढूं लागलें कीं जाळी धुण्याची वेळ झाली.

धुण्याची रीत सोपी आहे, पण क्रम सोडतां कामा नये. आधीं पंप बंद करावा. मग बंदूक उघडून नळींतील दाब सोडावा. मग कॉक बंद करून, हातमोजे घालून वाटी उघडावी. जाळी स्वच्छ पाण्यांत, मऊ ब्रशानें, आंतून बाहेर अशी धुवावी. दांत घासण्याचा जुना ब्रश यास उत्तम. खिळा, तार, टांचणी यांचा स्पर्शही जाळीस किंवा नोजलास होऊं देऊं नये. तारेनें जाळीचें एक छिद्र मोठें झालें कीं ती सगळी जाळी फुकट गेली, कारण कचरा नेमका त्याच दारानें जातो. नोजलाचें छिद्र तारेनें खरवडलें तर फवाऱ्याचा आकार कायमचा बिघडतो. जाळी उजेडासमोर धरून पाहावी, फाटलेली असल्यास लगेच बदलावी. हें काम मोठ्या यंत्रावर टाकी भरतांना निदान दोनचार टाक्यांमागें एकदां, आणि दिवसाचें काम संपल्यावर तर बिनचूक झालें पाहिजे. संध्याकाळीं पांच मिनिटांत निघणारा थर रात्रभर वाळला कीं सकाळीं अर्धा तास खातो. धुण्याचें पाणी विहिरीच्या कांठीं, ओढ्यांत किंवा जनावरांच्या पाणवठ्याजवळ ओतूं नये; ज्या पिकावर फवारणी केली त्याच शेतांत तें पसरून टाकावें.

येथेंच नोजलाची परीक्षाही सांगून टाकतों. एका नोजलाखालीं मापाचें भांडें धरून, नेहमींच्या दाबानें, एक मिनिटांत किती द्रावण पडतें तें साध्या पाण्यानें मोजावें. नव्या नोजलापेक्षां शेंकडा दहाहून अधिक पडूं लागलें म्हणजे तें झिजलें; तें बदलावें. कमी पडलें तर तें किंवा त्यामागील जाळी तुंबली. दहा नोजलांच्या दांड्यावर एक नोजल बंद असेल तर शेजारच्या फवाऱ्यांनीं थोडेंफार भरून निघतें खरें. तरीपण दहा एकरांत जवळजवळ एका एकराचा हिशेब चुकतो. त्या एका एकरांत वाढलेला रोग बाकीच्या नऊ एकरांची वाट पाहत बसत नाहीं.

तणनाशकाविषयीं येथें विशेष इशारा दिला पाहिजे. यंत्र धुतलें म्हणजे आपण टाकी विसळतों, पण गाळणीची वाटी उघडीत नाहीं, आणि जुन्या औषधाचा साका नेमका तेथेंच राहतो. २,४-डी हें तणनाशक कपाशीस व द्राक्षवेलीस किती अल्प प्रमाणांत बाधतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगणें नको. पानें बोटांसारखीं लांबट व चुरगळलेलीं होतात, वाढ खुंटते. शेजाऱ्याच्या शेतावरून वाऱ्यानें आलें, असा संशय पुष्कळदां घेतला जातो. आपल्याच पंपाची गाळणी उघडून पाहण्याचें मात्र सुचत नाहीं. शक्य त्यांनीं तणनाशकासाठीं पंप वेगळाच ठेवावा. ज्यांस तें शक्य नाहीं, त्यांनीं निदान जाळ्या, वायसर व नोजलें यांचा जोड तरी वेगळा ठेवून, टाकी, नळ्या व गाळणीची वाटी तीन वेळां धुवावी.

गाळणीचे गुण सांगतांना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. गढूळ पाण्यांतील चिकणमाती इतकी बारीक असते कीं ती कोणत्याही फवाऱ्याच्या जाळींतून आरपार जाते, नोजल झिजविते, आणि ग्लायफोसेट व पॅराक्वाट यांसारख्या तणनाशकांस स्वतःस चिकटवून त्यांचा गुण नाहींसा करिते. अशा पाण्यास उपाय गाळण नव्हे, निवळणें हा होय. आदल्या रात्रीं पिंप भरून ठेवावें, सकाळीं वरचें पाणी घ्यावें, तळचें ओतून द्यावें. तसेंच, जी गाळणी दर टाकीस तुंबते तिच्यावर न रागावतां मिश्रणाकडे पाहावें. टाकी अर्धी पाण्यानें भरावी. भुकटीची आधीं बादलींत पातळ कालवण करून, तें तोंडाच्या जाळींतून आंत सोडावें. तेलकट, दुधाळ होणारें औषध शेवटीं घालावें. मग टाकी भरावी. दोन औषधें एकत्र करावयाचीं असल्यास, तीं एकत्र करण्यास मुभा आहे कीं नाहीं हें वेष्टणावर पाहून, आधीं कांचेच्या बरणींत त्याच प्रमाणांत कालवून अर्धा तास ठेवावीं. दहीं फुटल्यासारखें झालें, किंवा तळाशीं चिखल बसला, तर तें मिश्रण टाकींत जातां कामा नये. बरणींत जें अर्ध्या तासांत दिसतें तेंच गाळणींत दुपारीं दिसणार असतें.

येथवर यंत्राचा विचार झाला. आतां माणसाचा. कारण या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे.

गाळणी काढून टाकल्यानें तुंबणें थांबत नाहीं. तें फक्त पुढें सरकतें. जो कचरा गाळणीच्या वाटींत अडकला असता, म्हणजे जेथें कॉक बंद करून, हातमोजे घालून, शांतपणें तो काढतां आला असता, तो आतां नोजलांत जाऊन बसतो. नोजल असतें पिकाच्या मध्यें, औषधानें निथळणाऱ्या माणसाच्या हातांत. जवळ ब्रश नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं. मग तो माणूस काय करितो? तें नोजल काढतो, तोंडाशीं नेतो आणि फुंकतो. तिफणीचा नळा फुंकण्याची बापजाद्यांची संवय तो विषाच्या तोटीस लावितो. तिफणीच्या नळ्यांत माती असते; या तोटींत काय असतें हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें, किंवा सांगितलें असलें तरी त्या क्षणीं दुसरा मार्ग दिलेला नसतो. या दृश्याची आपल्या डोळ्यांस इतकी संवय झाली आहे कीं त्यांत भयंकर असें कांहीं वाटेनासें झालें आहे.

२०१७ सालच्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले, आणि शेंकडों माणसांस रुग्णालयांत जावें लागलें, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक सांगितलीं गेलीं: माणसाच्या डोक्यास लागेल एवढी वाढलेली कपाशी, औषधांचीं मनमानी मिश्रणें, उकाडा, हातमोजे व मुखपट्टी यांचा अभाव. तुंबलेल्या नोजलावर तो सगळा भार टाकणें सत्यास धरून होणार नाहीं, व तसा आमचा हेतूही नाहीं. परंतु विष माणसाच्या अंगांत शिरण्याच्या ज्या अनेक वाटा आहेत, त्यांपैकीं तोंडाची वाट अगदीं सरळ आहे. आणि ती बंद करणें एका जाळीनें व एका ब्रशानें साधतें, हें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

यावर आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, आम्ही तर जाळी बसवून देतों, मजूरच ती काढून टाकतात. हें खरें आहे. पण तो ती कां काढतो, याचाही विचार व्हावा. पुष्कळ ठिकाणीं फवारणीची मजुरी पंपाच्या संख्येवर ठरते. जितके पंप मारले तितके पैसे. अशा उक्त्या कामांत जाळी धुण्यासाठीं गेलेला प्रत्येक क्षण मजुराच्या खिशांतून जातो. आपण ज्या कामाचा मोबदला देत नाहीं, तें काम दुसऱ्यानें मन लावून करावें अशी अपेक्षा धरणें न्यायाचें नाहीं, आणि व्यवहाराचेंही नाहीं. औषधाच्या बाटलीस हजारों रुपये मोजणाऱ्यानें तें औषध पिकावर नीट पडावें म्हणून दिवसाकांठीं अर्ध्या तासाची मजुरी देण्यास कां कूं करावी, हें आम्हांस उमगत नाहीं. फवारणीची मजुरी दिवसावर ठरवावी. तें जमत नसेल तर जाळ्या धुण्याचा वेळ त्यांत धरून दर ठरवावा.

दुसरें असें म्हणतात कीं, आम्ही टाकी भरतांना धोतराच्या फडक्यानें गाळून घेतों, मग गाळणी कशास? फडकें चांगलेंच, तें वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फडकें टाकीच्या बाहेरचा कचरा अडवितें. टाकीच्या आंतले पापुद्रे, नळीचे तुकडे व बसलेला साका यांवर त्याचा काय उपाय? शिवाय सुती फडक्याचे धागेच सुटून नोजलांत अडकल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. तिसरा आक्षेप वेळेचा. अवकाळी पाऊस उघडल्यावर द्राक्षाच्या बागेस केवड्यापासून वांचविण्यास मोजके तास मिळतात. तेवढ्यांत गाळणी धूत बसावें काय, असें विचारतात. आमचें उत्तर असें कीं, ज्यास मोजकेच तास आहेत त्यासच नोजल तुंबून फवारणी वाया घालविणें परवडणार नाहीं. धुतलेल्या जाळीचा दुसरा जोड जवळ ठेवावा. मळलेली काढून स्वच्छ बसविण्यास दोन मिनिटें पुरतात, आणि मळलेली मग सावकाश धुतां येते.

या सगळ्यांवरून आमच्या सूचना अशा आहेत. प्रत्येक मालकानें हंगामाच्या सुरुवातीस आपलें यंत्र स्वतः उघडून, कोणत्या ठिकाणीं किती मेशची जाळी आहे तें आपल्या वहींत लिहून ठेवावें. प्रत्येक पंपाबरोबर एक लहान डबा द्यावा. त्यांत जादा जाळ्या, दोन नोजलें, वायसर, मऊ ब्रश व हातमोजे असावे, आणि शेताच्या कडेस साबण व एक घागर स्वच्छ पाणी असावें. तुंबलेलें नोजल शेतांत साफ करीत न बसतां डब्यांतील चांगलें बसवावें; तुंबलेलें नोजल मागाहून पाण्यांत भिजवून ब्रशानें धुवावें. नोजल तोंडास लावावयाचें नाहीं, हा नियम मालकानें पहिल्या दिवशीं सांगावा व तो पाळला जातो कीं नाहीं हें स्वतः पाहावें. मजुराच्या जागीं घरचा मुलगा असता तर आपण काय केलें असतें, एवढा प्रश्न मनास विचारला तर बाकीचें सुचत जाईल.

सहकारी संस्थांनींही यांत लक्ष घालणें अवश्य आहे. औषधांचा सांठा ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनें तितक्याच अगत्यानें जाळ्या, वायसर व नोजलें यांचा सांठा ठेवावा, आणि प्रत्येक जाळीवर मेशचा आंकडा लिहिलेला असावा. दुकानांत नुसती जाळी मागावयाची आणि हातांत येईल ती घ्यावयाची, ही रीत आतां पुरे झाली. मृगापूर्वीं व ऑक्टोबर छाटणीपूर्वीं प्रत्येक गांवीं एक दिवस यंत्रांच्या तपासणीसाठीं नेमावा. चावडीपुढें पंप आणून, साध्या पाण्यानें चालवून, नोजलें मोजावीं, गाळण्या उघडाव्या, फाटलेल्या बदलाव्या. त्या दिवशीं मजुरांसही बोलवावें व त्यांस दिवसाची मजुरी द्यावी. कारण यंत्र हातांत धरणारा माणूस या शिक्षणास मुकला तर बाकीच्यांनीं शिकून फारसें साधणार नाहीं.

गाळणी तुंबते हा तिचा दोष नव्हे. तें तिचें काम आहे. तिनें अडविलेला कचरा आपण पांच मिनिटें खर्चून धुवावा, कीं तो पिकाच्या पानांवर व मजुराच्या ओठांवर जाऊं द्यावा, एवढाच निवाडा करावयाचा आहे. तो आमचे वाचक येत्या हंगामापूर्वींच करतील, आणि केला म्हणजे शेजाऱ्यासही सांगतील, अशी आमची खात्री आहे.